सा नसलेलं दीड पान

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. जेवणं झाल्यावर कुणीतरी नकलांची फर्माईश केली आणि अमेरिकेहून आलेला, टक्कल पडलेला एक मुलगा (माझ्या लेखी तो अजून मुलगाच) भोकरकर बाईंची नक्कल करायला उठला. त्यानं टेबलावर बोटं ठेवली, डोळे मोठे केले, दचकून इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग टेबलावर एक बुक्की मारली. सगळे खो खो हसले. "शेवटी बाईंचं डोकंच फिरलं होतं यार," तो म्हणाला. "गॅदरिंगमध्ये पियानोवर बसून काहीही वाजवत होत्या."

मीही हसलो. माझ्या शेजारी बसलेल्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, म्हणून हसलो. वयाच्या ऐंशीच्या घरात आलो तरी चारचौघांची भीती गेलेली नाही.

त्या दिवशी पडद्याआड काय झालं ते दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या बाई गेल्या. म्हणून लिहून ठेवतो. भोकरकर बाईंचं डोकं फिरलं नव्हतं. त्या काहीही वाजवत नव्हत्या. जे वाजवत होत्या ते कागदावर लिहिलेलं होतं तसंच्या तसं वाजवत होत्या. बिघडलं ते माझ्या हातून.

हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या आमच्या मराठी शाळेत वसुमती भोकरकर या संगीताच्या बाई होत्या. मी गणित शिकवायचो, पुढे पर्यवेक्षक झालो. बाई ठेंगण्या, सावळ्या, कायम नारायणपेठी साडीत. घराणं नांदेडकडचं, पण दोन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या, त्यामुळे बोलण्यात "हौ" आणि "नक्को" सहज यायचं. लग्न केलेलं नव्हतं. म्हाताऱ्या आईला घेऊन जुन्या शहरात, शालीबंड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायच्या.

बाईंचा सगळा धर्म म्हणजे सा. नवीन वर्ग आला की पहिले कितीतरी तास गाणं नाहीच, नुसता सा. पोरं कंटाळून जायची. "बाई, पुढचं शिकवा की!" "पुढचं कुठं पळून चाललंय? घर सापडलं का आधी?" शाळेतल्या प्रत्येक पोराचा सा त्यांना पाठ. नावं विसरायच्या, कुणाचा सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर ते नाही. "ए काळी दोन, दंगा करू नको." पोरगंही निमूट बसायचं. स्टाफरूममधला पंखा, बाहेरची रिक्षा, यादगिरी शिपायाची घंटा, सगळ्यांचे सूर त्या सांगायच्या आणि मलाही ओळखायला लावायच्या. रोज मधल्या सुट्टीत माझी परीक्षा. हळूहळू मला जमायला लागलं. हे जमलं नसतं तर पुढचं घडलंच नसतं.

जीभ तिखट होती. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब कापडाचे व्यापारी. दर गुरुवारी शाळेत येऊन स्वतः भजन म्हणायचे. एकदा सगळ्या शिक्षकांसमोर बाईंनी पेटी पुढ्यात ओढली आणि विचारलं, "आप्पा, तुमचा सा दर गुरुवारी नवा असतो. आज कुठला काढलाय?" आप्पासाहेब हसले. पण बाकीचे हसले तेव्हा त्यांचं हसू थांबलेलं मी पाहिलं. मी घाबरून बाईंना म्हणालो, "कशाला ओढवून घेता?" तर म्हणाल्या, "जाधव सर, तुम्ही पण ना! आधी ऐकत जा, मग घाबरत जा. तुम्ही उलटं करता."

आता पियानोचं. तारनाक्याला रेल्वेच्या क्वार्टर्समागे मिसेस डॉयल नावाच्या एक अँग्लो-इंडियन बाई राहायच्या. मुलं ऑस्ट्रेलियाला गेलेली, त्याही निघालेल्या. जाताना घरातला उभा पियानो त्यांनी आमच्या शाळेला दिला. तो आणायला बाई आणि मी गेलो होतो. पियानोच्या स्टुलाचं झाकण उघडलं तर आत पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा. बाईंनी त्यातलं एक दीड पान उचललं. "इतकं कोरं कसं हे? छापायचं राहिलं का काय?"

खरंच, त्या पानावर सुरांपेक्षा मोकळी जागा जास्त होती. मिसेस डॉयलनी चष्मा लावून पाहिलं आणि पान उलटं ठेवलं. "ये? ये नहीं. मम्मी घर में बजाने नहीं देती थी. बोलती थी, ऐसा लगता है सीढ़ी पे कोई खड़ा है."

झालं. बाईंना तेच पान पाहिजे. मिसेस डॉयल निघेपर्यंत बाई रोज शाळा सुटली की तारनाक्याला जाऊन त्यांच्याकडून कागदावरची ती पाश्चात्त्य लिपी शिकल्या.

तो तुकडा युरोपातल्या एका संगीतकारानं पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधी लिहिलेला. त्याचं नाव मला तेव्हाही धड उच्चारता येत नव्हतं. त्या काळात तिकडच्या काही लोकांनी संगीतातला सा काढून टाकायचं ठरवलं, असं बाईंनी मला समजावलं. म्हणजे बेसूर करायचं असं नाही. परत यायची जागाच ठेवायची नाही. उजव्या हातानं चार सूर एकदम दाबायचे, हलकेच. ते एकमेकांना टेकत नाहीत, नुसते लोंबकळत राहतात. मग शांतता. मग डाव्या हातानं खाली, अगदी खाली, एकच सूर. पुन्हा शांतता, पण मघापेक्षा लांब. पुन्हा तोच सूर. मग लगेच. मग बराच वेळ नाहीच. तो कधी येईल याचा अंदाज करता येत नाही, आणि येणार हे मात्र नक्की असतं. सगळं हळू, कुजबुजल्यासारखं. एकाच ठिकाणी जोरात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, "बाई, अंगावर काटा आला. याचा सा कुठला?"

"नाहीये. शोधू नका. शोधलात तर जास्त भीती वाटते."

दारात झाडू घेऊन उभा असलेला यादगिरी म्हणाला, "अम्मा, ये बाजा बंद करो. डर लगरा मेरेकू."

"लगरा ना?" बाई खूश. "तू खरा ऐकणारा आहेस बाबा. जाधव सर नुसता सा शोधत बसले."

मग शहरात गडबड झाली आणि कर्फ्यू लागला. आम्ही विद्यानगरला राहणारे. आमच्याकडे शाळा बंद एवढंच. शालीबंड्यात बाई आणि त्यांची आई घरात कोंडलेल्या. तेव्हाचं त्यांनी मला नंतर सांगितलं, ते एकदाच आणि माझ्याकडे न बघता.

कर्फ्यूतली दुपार फार मोठी असते, म्हणाल्या. रोज आवाजांनी भरलेली गल्ली, आणि आता काहीच नाही. कान आपोआप मोठे होतात. लांबून जीप जाते. कुठेतरी शटर पडतं. कुणीतरी धावतं आणि धावणं मध्येच थांबतं. तेवढ्यावरून बाहेर काय चाललंय ते ओळखायचं. पेटी वाजवायची सोय नव्हती. घरात माणसं आहेत हे कुणाला कळू नये म्हणून आई खोकलासुद्धा पदरात दाबायची. बाईंनी पाटावर खडूनं पियानोच्या पट्ट्या आखल्या आणि ते दीड पान समोर ठेवून पाटावर बोटं फिरवायला लागल्या. आवाज न करता. "तेव्हा मला ते पान कळलं," म्हणाल्या. "तोवर मी शांततेत नुसते आकडे मोजत होते. त्या दिवसांत कळलं की शांततेत ऐकायचं असतं. तो माणूस कुठल्या गावात, कशाला भिऊन बसला होता देव जाणे. पण बसला होता. खोटं नाही लिहिलेलं."

एका दुपारी दारावर थाप पडली. एकच. दोघी जागच्या जागी थिजल्या. बऱ्याच वेळानं पुन्हा एक. मग लगेच दुसरी. आईनं बाईंचा हात धरला आणि मानेनं नाही म्हटलं. थाप थांबली. पावलं गेली. संध्याकाळी फटीतून पाहिलं तर उंबऱ्यापाशी दुधाचं भांडं, वर ताटली झाकलेली. भांड्यावरून ओळखलं, पलीकडच्या घरातली खाला होती. आईचं वय माहीत असलेली, घरचं दूध अर्धं करून, भरल्या कर्फ्यूत गल्ली ओलांडून आलेली.

"तिला हाक मारता येईना, कुणी ऐकलं तर. म्हणून हळू वाजवत होती दार," बाई म्हणाल्या. "आमच्यापेक्षा तीच जास्त घाबरलेली असणार ना, जाधव सर? ती रस्त्यावर होती. आणि मी दार उघडलं नाही."

कर्फ्यू उठल्यावर बाईंनी शालीबंडा सोडला आणि तारनाक्याला खोली घेतली. लोक म्हणायचे, भिऊन गेल्या. खरं म्हणजे खालासमोर उभं राहणं त्यांना जमेना. तिनं कधी विषयसुद्धा काढला नाही, तेच सहन होईना. तेव्हापासून त्यांच्या काही सवयी बदलल्या. दाराकडे पाठ करून बसायच्या नाहीत. पर्समध्ये मेणबत्ती आणि चिवड्याची पुडी असायची. बोलता बोलता मध्येच थांबून कान द्यायच्या. आणि दारावर थाप पडली की, कुणाचीही असो, धावत जाऊन उघडायच्या. वर्ग चालू असला तरी. नकलेतलं दचकणं ते हेच.

त्यानंतर दिवस बदलले. शहरात सगळीकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. मराठी शाळेत पोरं घालायला लोक कचरायला लागले. पालकांपैकी बरेच सरकारी कारखान्यांत. तिथं स्वेच्छानिवृत्तीची पत्रं फिरत होती आणि त्यातली स्वेच्छा कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. कमिटीच्या बैठकीत आप्पासाहेब म्हणाले, "संगीताची खोली कॉम्प्युटरला द्यावी. पेटी ऐकायला आता कोण पोरं पाठवतंय?" मी धीर करून म्हणालो, "बाईंना पियानो येतो साहेब. वेस्टर्न संगीत शिकवलं तर पालक येतील." आप्पासाहेबांनी थोडा विचार केला. "बरं. गॅदरिंगला वाजवून दाखवू द्या. पालक खूश झाले तर जागा राहील. नाहीतर जागा बंद. पण काहीतरी फडकतं वाजवा म्हणावं. आणि जाधव, जबाबदारी तुमची."

मुख्याध्यापकांची जागा त्या वर्षी रिकामी व्हायची होती. ती मला मिळणार असं आप्पासाहेबच सूचित करत होते. तेव्हा "जबाबदारी तुमची" याचा अर्थ मला बरोबर कळला.

बाईंनी एक छान नाचरी धून बसवली. मी रोज जाऊन ऐकायचो. बाईंची जागा वाचली, माझीही मिळाली, असं मनात म्हणायचो.

गॅदरिंगच्या दिवशी हॉल भरला होता. बाईंच्या आधी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीचं गाणं झालं. तिच्या साथीला तेव्हा नव्यानं निघालेली विजेवरची तानपुरा पेटी होती. बटण दाबलं की सा-प झंकारत राहायचा. गाणं झाल्यावर ती पेटी पडद्याआड टेबलावर आणून ठेवली, मायक्रोफोनला जोडलेलीच. टेबलापाशी मी उभा.

बाई पियानोपाशी बसल्या. समोरच्या लोकांकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी उजव्या हातानं चार सूर दाबले. ती नाचरी धून नव्हती. दीड पान होतं.

ते लोंबकळते सूर. शांतता. खालचा सूर.

हॉलमधली कुजबुज थांबली. पुन्हा शांतता, लांब. कुणाचं तरी पोर रडायला लागलं आणि आईनं त्याचं तोंड दाबलं. खालचा सूर. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. पहिल्या रांगेत आप्पासाहेब ताठ बसलेले, खुर्चीचा हात घट्ट धरलेला. मागे पालकांच्या रांगा, सगळे चेहरे सारखेच: दारावर कुणीतरी आलंय आणि उघडावं की नाही कळत नाही, असे. आज मला वाटतं, तसं ऐकणं मी त्या हॉलमध्ये त्याआधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की लोक घाबरलेत, आप्पासाहेब चिडलेत, आणि जबाबदारी माझी.

खालचा सूर पुन्हा आला. तो मला ओळखता येत होता. बाईंनीच शिकवलं होतं. माझा हात पेटीच्या खुंटीवर गेला. खुंटी त्या सुरावर फिरवली आणि बटण दाबलं. मला खरोखर वाटलं, मी मदत करतोय. निराधार सुरांखाली एक सा सरकवला की सगळं ठीक होईल. आपल्याकडे असंच शिकवलेलं असतं.

स्पीकरमधून झंकार सुरू झाला. हॉलनं एकदम श्वास सोडला. "हां, आता लागला!" मागून कुणीतरी म्हणालं. भीती गेली. बाईंचे खांदे उडाले, पण हात थांबला नाही. पुढचे चार सूर आले. आता खाली सा होता आणि त्या साच्या वर ते चारही सूर साफ चुकीचे. एक पोरगं फिसकन हसलं. मग दोन रांगा. मग जिथं जोरात वाजवायचं होतं तिथं बाई पोहोचल्या आणि तो आघात त्या शांत झंकारावर असा काही आदळला की सगळा हॉल हसत सुटला. इतका वेळ धरलेली भीती हसण्यात बाहेर पडत होती.

बाईंनी हात उचलले. पडद्याकडे पाहिलं. माझा हात अजून पेटीवरच होता.

मग त्यांनी पियानोचं झाकण लावलं, लोकांना नमस्कार केला आणि दुसऱ्या बाजूनं आत गेल्या.

आप्पासाहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. "मध्येच ती तानपुरा पेटी कुणी लावली?" मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. बाई म्हणाल्या, "मघाच्या गाण्याची चालू राहिली असेल. मला ऐकू आली नाही. माझंच चुकलं." ज्यांना रस्त्यावरच्या रिक्षाचा सूर ऐकू यायचा, त्या बाई! आप्पासाहेब फार मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला विश्रांतीची गरज आहे." हे वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेत पोहोचलं आणि पोचता पोचता त्याचं "डोकं फिरलं" झालं. मी ते खोडलं नाही. संगीताची जागा बंद झाली. मला मुख्याध्यापकाची खुर्ची मिळाली आणि माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे, जिथं सा चालायचा, तिथं कॉम्प्युटरचे पंखे घुमायला लागले. त्यांचा सूरही मला ओळखता येत होता.

बाई पुढे भाचीकडे नांदेडला गेल्या आणि तिथंच वारल्या. पण हैदराबाद सोडण्याआधी मी त्यांना एकदा भेटलो. धीर व्हायला बरेच महिने लागले होते. तारनाक्याच्या नव्या अपार्टमेंटमध्ये त्या कीबोर्डच्या शिकवण्या घ्यायच्या. दुपारची वेळ. मी दार वाजवलं आणि माझा हात खाली येण्याआधी ते उघडलं.

"या, मुख्याध्यापक! बसा. चहा टाकते."

"चहा नको. बाई, ती पेटी मी लावली होती."

"बघितलं की मी. काय भुताटकी वाटली का मला?"

"मग ऑफिसात का नाही बोललात?"

"तुमचं तोंड बघून. दोन पोरं तुमची कॉलेजात. माझी आई तर तोवर गेलेली." त्या कीबोर्डवरचं फडकं काढत होत्या. "आणि मीही एकदा दार उघडलं नव्हतं. न उघडणाऱ्याला मी काय बोलणार होते?"

मी म्हणालो, "पण बाई, ती नाचरी धून का नाही वाजवली? जागा राहिली असती."

"राहिली असती. हौ." त्या थांबल्या, कान दिल्यासारख्या. "समोर बघितलं ना मी. सगळे भिऊन बसलेले. कुणाचा कारखाना बंद व्हायला आलेला, कुणाच्या खिशात ते पत्र. घरी कुणी कुणाला सांगत नव्हतं. त्यांना काय फडकतं वाजवू? म्हटलं, निदान एकदा सगळ्यांनी मिळून भ्यावं." मग हसल्या. "तुम्ही मात्र फारच भ्यालात."

"शेवट काय होता बाई त्याचा? कुणीच ऐकला नाही."

"ऐकायचाय? सा शोधणार नसाल तर वाजवते."

त्यांनी कीबोर्ड चालू केला. प्लास्टिकच्या पट्ट्या, पातळ आवाज. तरी पहिल्या चार सुरांनी माझी मान गार झाली. खालचा सूर आला. गेला. मी हात मांडीखाली दाबून बसलो. जोराची जागा आली, आणि त्या स्वस्त यंत्रावर ती नुसती एका माणसानं घाबरून मारलेल्या हाकेसारखी वाटली. त्यानंतर सूर विरळ होत गेले. शेवटी उजवा हात राहिलाच नाही. फक्त खालचा सूर, एकदा, हळू.

मी उठायला गेलो. बाईंनी माझ्याकडे न बघता डावा हात वर केला, थांबा म्हणून. पानावर दोन उभ्या रेघांमधलं अजून एक घर बाकी होतं, रिकामं. त्यात वाजवायचं काही नव्हतं, पण ते पूर्ण करायचं होतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. जिन्यात कुणाची तरी पावलं वर आली आणि आमच्या मजल्यावर थांबली. बाई डोळे उघडे ठेवून, दाराकडे तोंड करून, हात तसाच वर धरून ऐकत होत्या.